रिकाम्या हातांचा फोटो

थोरल्या आत्याचे मी पुष्कळ फोटो काढले. सगळ्यांत तिचे हात दिसतात, फक्त एकात दिसत नाहीत. त्या एका फोटोपायी तिची विहिरीकडची पट्टी गेली. फोटो मीच काढला. कोणी माझा हात पिरगाळून काढून घेतला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागले तर वाचणाऱ्याला कळेल.

आमचं घर वसईजवळच्या उमेळ्याचं. घरामागे वाडी होती, केळी, थोडी भाजी, आणि विहिरीकडच्या कडेला मोगरा नि कागडा. बाबा मुंबईला नोकरीला. रविवारी ते वाडीत पाहुण्यासारखे फिरायचे आणि केळफुलाला हात लावून बघायचे, बस. वाडीत घाम गाळला तो थोरल्या आत्याने. तिला खाडीकाठच्या गावात दिली होती, इथून चालत अर्ध्या तासावर. पंचविशीच्या आत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. दिराने कसल्याशा कागदावर तिचा अंगठा घेतला आणि भातशेतीतलं तिचं नाव गेलं. राहायला एक खोली तेवढी ठेवली, उपकार केल्यासारखी. तेव्हा आजोबांनी तिला विहिरीकडे नेऊन सांगितलं की ही पट्टी तुझी. तोंडीच सांगितलं. बापाने लेकीला सांगितलं, त्यात कागद कशाला, असा तो काळ.

त्या पट्टीत तिने मोगरा लावला. रोज दुपारी यायची, कळ्या तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि संध्याकाळी वसईच्या बाजारात गजरे ओवत बसायची. मोगरा नसेल तेव्हा, थंडीत, कागडा. चाळीस वर्षं तिची चूल त्या पट्टीवर पेटली. अंगठा मात्र तिने पुन्हा कोणाला दिला नाही. शाळा तिसरीत सुटलेली, अक्षरं विसरलेली, तरी नाव लिहायला पुन्हा शिकली, नि जिथे तिथे सही करायची, ठासून, कागद फाटेल अशी.

स्वभावाने आत्या तुसडी. लहानपणी मला ती नावाने हाकही मारायची नाही, 'बापाची पोर' म्हणायची. धाकटी आत्या विरारला, गोड बोलणारी, येताना खाऊ आणणारी. आम्हा मुलांचा सगळा जीव तिच्यावर. थोरली आली की आम्ही मागच्या दाराने पळायचो.

कॉलेज झाल्यावर मी स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत लागले. मालक कामाला कडक. दिवसभर पासपोर्ट फोटो. कान दिसले पाहिजेत, मान सरळ, हसायचं नाही, पाठीमागे पांढरं. माणूस आत येताना ज्या चेहऱ्याने यायचा तो चेहरा काढून घ्यायचा आणि उरलेल्याचा फोटो काढायचा, असं ते काम. रविवारी नंदाखालकडची लग्नं असायची, तिथे मालक मला घेऊन जायचा. नवरा-नवरी त्याच्याकडे आणि म्हाताऱ्या माझ्याकडे. लुगडी नेसून, दागिने घालून त्या रांगेत बसायच्या. मी एकेकीला भिंगातून बघायची आणि मला सारखी आमची थोरली आठवायची. हिचा एकही फोटो नाही घरात. होता तो लग्नातला एकच, आणि त्यातही नेमका कोणाच्या तरी छत्रीचा दांडा तिच्या तोंडावर आलेला.

मालकाचा जुना कॅमेरा मी घेतला आणि एका मे महिन्यात विहिरीवर गेले.

"माजा कशाला?" आत्या म्हणाली. "भिंतीवर लावायला येळ हाय अजून."

मी हट्टाने बसवली. आणि कसलं काय. पोलीस चौकीत बसवल्यासारखं तोंड केलं तिने, डोळे वटारलेले, ओठ आवळलेले. सहा फोटो वाया गेले. मग ती वैतागली, "झाला असंल तर मना कळ्या निवडू दे," म्हणाली आणि फडकं उलगडून बसली. हात कळ्यांवर फिरायला लागले आणि तिचा चेहरा परत आला. मी काढत राहिले. तिला कळलं, पण हात कामात होते, म्हणून भांडायला सवड नव्हती.

तेव्हा मला तिची किल्ली सापडली. हात गुंतलेले असले की आत्या बोलायची. मी दर आठवड्याला जायला लागले. कळ्या तोडताना, खाडीतली निवट्यांची मासळी साफ करताना, केळीला माती लावताना. एकदा रिक्षा करून पाचूबंदरला नेलं तर तिथे बोंबलांच्या लिलावात ती कोळणीशी अशी काही भांडली की तो माझा आजवरचा सगळ्यात देखणा फोटो आहे. आणि प्रत्येक वेळी तोंडाने काहीतरी सुटायचं. शाळा का सुटली, तर कडेवर धाकटा भाऊ होता. "तुजा बाप माज्या कंबरेवर वाडला. अजून या अंगाला कळ येते." दिराने अंगठा घेतला तेव्हा तिला वाटलं होतं नवऱ्याच्या दहाव्याचा कागद आहे. "कागद मागनारा मानूस काय तरी घेऊनच जातो, गो. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्या चार-पाच वर्षांत ती मला नावाने हाक मारायला लागली. फोटो तिला दाखवायची तेव्हा ती आपल्या तोंडाकडे बघायचीच नाही, हातांकडे बघायची. "ही नखं बग," म्हणायची आणि हसायची. घरात कोणाला ती हसते हे ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि त्याचा मला फार ताठा होता. आई म्हणायची, तुझ्याशिवाय तिला कोणी हाताळू शकत नाही. ते मी कौतुक म्हणून घेतलं. बाबांनी ते काम म्हणून ऐकून ठेवलं.

दोन हजार साल उलटलं तोवर उमेळ्याच्या वाड्यांतून इमारती उगवायला लागल्या होत्या. आमच्या डावीकडची वाडी गेली, मग समोरची. बाबांकडेही बिल्डर येऊन बसायला लागला. जमीन आजोबांच्या नावावर, म्हणजे त्यांच्यामागे तिन्ही भावंडांची. दोघी बहिणींनी हक्कसोड दिल्याशिवाय पान हलणार नव्हतं. आमच्याकडे बहिणी देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात, वर भाऊ एक साडी देतो, आणि सगळे म्हणतात बघा किती प्रेम. धाकटीने लगेच हो म्हटलं. तिच्या नवऱ्याची नोकरी पक्की, विरारला फ्लॅट, तिला वाडीचं काय.

थोरलीला बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मी हाय तवर पट्टी हाय. मेल्यावर काय ते बांद." तिसऱ्या वेळी बाबांनी तिच्याकडे फोटो मागितला, कुठल्याशा कामाला हवा म्हणून. ती उठून गेली.

त्यानंतर बाबा माझ्या खोलीत आले. सहसा येत नसत. म्हणाले, वरती आपल्याला दोन मोठे फ्लॅट मिळतील. खाली रस्त्याला लागून गाळा मिळेल, तिथे तू तुझा स्टुडिओ टाक, किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली मरशील. मग उठता उठता म्हणाले, "थोरलीचा एक सरळ फोटो काढून दे. विधवा पेन्शनचा अर्ज भरतोय तिचा. मी सांगितलं तर बसणार नाही. तू म्हणालीस तर बसेल ती." आणि दारात थांबून, सहज सुचल्यासारखं, "हात लागलाच आहे तर माझा नि धाकटीचा पण काढ."

आत्याला मी ओटीवर बसवलं. भिंतीला पांढरी चादर बांधली. ती वाडीतून आलेली, हातात खुरपं, बोटांना माती.

"ते ठेव खाली, आत्या."

"मंग हातांचं काय करू?"

"काही नको. खाली सोड. फोटोत यायचे नाहीत."

तिने खुरपं ठेवलं, हात पदराला पुसले आणि खाली सोडले. कुठे ठेवावे ते तिला कळत नव्हतं. मी पदर कानांमागे सारला. "पेन्शनीला कान पन बगतात काय गो?" ती म्हणाली. मी हसले. तिला हसू नको म्हटलं. चेहरा दगड झाला. मी फोटो काढला.

तिघांच्या आठ-आठ प्रती केल्या, कापल्या आणि पाकिटांत घालून बाबांना दिल्या.

भाऊबीज झाल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. आत्याला सांगितलं की पेन्शनचं काम. तिने एवढंच विचारलं, "तू येतेस ना?" मी आले म्हणून ती रिक्षात बसली. कचेरीत आमच्यासारखीच माणसं बाकांवर, भाऊ एका बाजूला, बहिणी दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या हातात फाइली. असल्या फाइलींसाठी लागणारे फोटो मी स्टुडिओत वर्षभर काढत होते. टेम्पोने माणसं यायची, पाच-सहा भावंडं एकदम, सगळ्यांना पांढरी पाठ हवी. मला त्या कचेरीतलं काहीही नवं नव्हतं.

आमची पाळी आली. धाकटीने सही केली, अंगठा दिला. थोरलीने नाव लिहिलं, नेहमीसारखं ठासून. मग तिथल्या माणसाने शाईची पेटी पुढे सरकवली. आत्याने हात मागे घेतला. "सही केली ना मी? अंगठा कशाला?"

"आजी, दोन्ही लागतं आता. फोटो, सही, अंगठा," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याने नियमाप्रमाणे विचारलंही, "वाचून दाखवलाय ना दस्त? मजकूर कबूल आहे?"

बाबा छताकडे बघत होते. धाकटी पिशवीत काहीतरी शोधत होती. आत्याने माझ्याकडे बघितलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली.

मग तिने अंगठा दिला. मी माझ्या ओढणीने तिचा अंगठा पुसला, चांगला घासून पुसला, तरी रेषांमध्ये शाई राहिली. बाहेर आल्यावर बाबांनी दोघींना साड्या दिल्या. "आता साडी कसली? भाऊबीज झाली की," थोरली म्हणाली, पण खूश झाली. धाकटीने आपली साडी न बघताच पिशवीत टाकली आणि स्टेशनची रिक्षा पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या कळ्या तोडून घरी आली आणि माझ्या हातात कागड्याचा गजरा ठेवला. बाजारात शेजारी बसणाऱ्या बायकांना तिने सांगितलं होतं की भाच्चीने माझी पेन्शन करून दिली. मी तो गजरा घातला. स्टुडिओत दिवसभर घालून बसले.

मार्गशीर्षात तिला कळलं. मोगऱ्याच्या छाटणीला म्हणून कात्री घेऊन आली तर सकाळच्या सकाळी विहिरीकडे पत्रे ठोकलेले, आणि पत्र्यांच्या पलीकडे झुडपं मुळासकट उपटून ढीग केलेला. ती आरडाओरडा करेल म्हणून आम्ही घरात कान देऊन बसलो होतो. तिने नाही केला. ओटीवर आली. हातात कात्री तशीच. बाबा आरामखुर्चीत होते, आई स्वयंपाकघरात आणि मी दारात. बाबांनी कागदांचं सांगितलं, सही तूच केलीस, अंगठा तूच दिलास, कबूल तूच म्हणालीस. खरं तर कबूल ती म्हणालीच नव्हती. पण मी ते बोलले नाही.

आत्या बाबांशी भांडली नाही. तिने मला विचारलं, "तुला माईत होतं काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "मला पेन्शनच सांगितली होती, आत्या. शप्पथ."

तिने विश्वास ठेवला. मी तिचा चेहरा पाच वर्षं भिंगातून बघितला होता, मला कळायचं. खांदे जरा सैल झाले, कात्री खाली आली. भावाने गळा कापला तरी ही पोर आपली आहे, एवढं तिला हातात राहिल्यासारखं वाटलं असणार. ती मला जवळ घ्यायला एक पाऊल पुढे आली.

तेवढ्यात बाबा हसले. त्यांना सगळं पाप एकट्याच्या डोक्यावर नको होतं, आणि माझा साळसूदपणाही बघवला नसेल. "तिला काय विचारतेस?" ते म्हणाले. "तिने माझापण फोटो काढला त्याच दिवशी, त्याच चादरीसमोर. मला कुठली विधवा पेन्शन?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

खरं सांगायचं तर ते वाक्य बाबांच्या आधी माझ्याच डोक्यात आलं होतं, ते माझ्या दारात थांबले होते त्याच वेळी. बाबांना कुठली विधवा पेन्शन? आणि धाकटीचा नवरा तर चांगला धडधाकट. मी तो विचार बाजूला सारला आणि गाळ्याला काचेचं दार लावायचं की लोखंडी शटर, याचा विचार करत झोपले. इतकं सोपं होतं ते. लोक म्हणतात माणसाचं मन खातं. माझं मन तेव्हा काही खात नव्हतं, मस्त पोटभर झोपलं होतं.

आत्याने कात्री पिशवीत घातली, पिशवीतून ती नवी साडी काढली, फॉल लावायला म्हणून सोबत आणलेली, घडी न मोडलेली, ओटीवर ठेवली आणि गेली. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. भाऊबीजेला नाही, बाबा आजारी पडले तेव्हा नाही. धाकटीने मला फोनवर सुनावलं. मी म्हटलं तू पण सही केलीस. ती म्हणाली, "मी केली माजी. तिची मी नाय केली. आनि मी कधी तिचे फोटो काढत तिच्या पायाशी बसली नाय."

मी पेन्शनचा अर्ज आणला. खराखुरा. आठ फोटोंतले दोन उरले होते, ते त्याला चिकटवले आणि तिच्या शेजारच्या बाईच्या हाती तो सहीसाठी पाठवला. अर्ज तसाच परत आला. फोटो तेवढे उपटून काढले होते.

इमारत उभी राहिली. हो, गाळा मी घेतला. काचेचं दार लावलं. मी गाळा नाकारला असता तर ही गोष्ट जरा बरी झाली असती, पण मी नाकारला नाही. आत एका भिंतीवर आत्याचा पाचूबंदरचा फोटो मोठा करून लावला होता. गिऱ्हाइकं विचारायची, कोण हो या, काय तेज आहे. मी सांगायची, माझी आत्या. महिनाभराने मला ते सांगवेना, तेव्हा फोटो उतरवला.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी बाजारात गेले. कॅमेरा घेऊन गेले, कारण दुसरं काय घेऊन जावं ते सुचेना. तिच्याशी बोलायची मला एकच रीत येत होती. ती तिच्या जागेवर बसली होती. कळ्या आता दुसऱ्याच्या वाडीतून विकत घ्यायची. समोर फडकं, मांडीवर गजरा अर्धा ओवलेला, सुई चाललेली. गिऱ्हाईक उभं होतं. मी दुरूनच कॅमेरा डोळ्याला लावला. हात कामात आहेत, आता बोलेल, शिव्या तरी देईल, अशी माझी आशा.

तिने मला बघितलं. सुई गजऱ्यात खोचून ठेवली. गजरा फडक्यावर ठेवला. हात पदराला पुसले, दोन्ही. मग पदर कानांमागे सारला, मान सरळ केली, हात खाली सोडले आणि भिंगात बघितलं. हसायचं नाही हे तिला मी शिकवलं होतं.

"काड," ती म्हणाली. "किती कापी पायजेत?"

मी कॅमेरा खाली घेतला. "आत्या, ओव ना तू. गिऱ्हाईक थांबलंय."

"थांबू दे. आट लागतात ना? काड."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, कॅमेऱ्याकडे बघत होती. गिऱ्हाईक कंटाळून पुढच्या बाईकडे गेलं. फडक्यावरच्या कळ्या उमलायला लागल्या होत्या, उमलल्या की त्या गजऱ्याला चालत नाहीत. तिने त्यांना हात लावला नाही. मी तिथून निघून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली, हात खाली सोडून, कान दिसतील अशी.